बेचाळीस तासांची हवा

१

सकाळी सहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी पोलीस ठाण्यात फोन वाजला. शाळेच्या मागच्या अंगणात एक माणूस पडलाय, तो पालिकेचा आहे आणि हलत नाही, असं फोनवरच्या माणसाने सांगितलं. पोलिसांची गाडी सहा सत्तावन्नला पोचली. माणूस तोवर गार पडायला लागला होता.

फोन करणारे शाळेचे म्हातारे शिपाई. त्यांना सगळे मामा म्हणत. मेलेला माणूस पालिकेच्या हवा विभागातला तंत्रज्ञ, म्हणजे कागदवाला. शाळेच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र होतं. ते दिवसरात्र पंपाने हवा ओढायचं आणि हवेतली धूळ एका पांढऱ्या चौकोनी कागदावर अडवायचं. रोज सकाळी पावणेसहाला कागदवाला शिडी चढून जुना कागद काढायचा, नवा लावायचा आणि जुना प्रयोगशाळेत वजनाला पाठवायचा. हे त्याचं तीन वर्षांचं काम.

गच्चीवर जायला पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून भिंतीला लावलेली लोखंडी शिडी होती. तो त्या शिडीच्या खाली, जरा बाजूला, अंगणाच्या फरशीवर पडला होता. पिशवीत डबी, डबीत काढलेला कागद. वर यंत्र नव्या कागदासकट घरघरत होतं.

"काम उरकून उतरताना पाय घसरला," फौजदार म्हणाले. "शिडी ओली होती. धूळ बसवायला रस्त्यावर फिरतो त्या टँकरचं पाणी."

पालिकेच्या दक्षता विभागातली तपासनीस साडेआठला तिथे पोचली. तिला पाठीमागे सगळे ‘भिंग’ म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. कर्मचारी कामावर मेला की पालिकेचा अहवाल तिने लिहायचा, असा नियम होता. पण ती आज जरा जास्तच घाईने आली होती, आणि त्याचं कारण नियमात नव्हतं.

शाळा तीन आठवडे बंद होती. रात्री कुठूनतरी कडवट, जिभेला धातूची चव देणारा धूर यायचा आणि सकाळी मुलं खोकत उठायची. पालिकेने शेवटी हुकूम काढला होता: सलग सात दिवस हवा मर्यादेत आली, तर शाळा उघडायची. आज सातवा कागद निघाला होता. पहिले सहा स्वच्छ होते. दुपारी चारला शाळा उघडल्याचं जाहीर होणार होतं. तपासनीसाची धाकटी बहीण शाळेच्या मागे दोन गल्ल्या सोडून राहायची, आणि बहिणीची मुलगी, छकुली, याच शाळेत दुसरीत होती. तिच्या दप्तरात वहीपेक्षा आधी श्वासाचा पंप भरावा लागे.

फौजदारांनी मेलेल्या माणसाच्या खिशातल्या वस्तू टेबलावर मांडल्या. किल्ली, रुमाल, फोन, पेन्सिलचा तुकडा आणि तळहाताएवढी वही. वहीच्या शेवटच्या पानावर आजची तारीख होती. खाली घाईघाईत लिहिलं होतं:

१२५.१. पाहिजेत १६८. विचारायचं.

बाजूलाच पोलिसांनी गच्चीवरून आणलेला नोंदींचा तक्ता होता. तो यंत्राच्या पेटीतच टांगलेला असे. आजच्या ओळीत पंपाच्या तासांच्या रकान्यात, टपोऱ्या आकड्यांत लिहिलं होतं: १६८.०.

एकाच माणसाने एकाच सकाळी एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिली होती. तसं नसेल, तर तक्त्यातली ओळ त्याने लिहिलीच नव्हती.

२

ती शिडी चढून गच्चीवर गेली. शिडी कोरडी होती. सकाळपासून ऊन पडलेलं नव्हतं, नुसता राखाडी उजेड होता, तरी पायऱ्यांना ओल नव्हती.

यंत्राच्या पेटीत पंपाच्या बाजूला एक छोटी काच होती. तिच्यामागे आकडे फिरत. पंप जितके तास चालेल तितके मोजणारा हा तासमीटर. पंप थांबला की तोही थांबतो. जुना पंप बिघडला म्हणून आठवड्यापूर्वी नवा बसवला होता, तेव्हा मीटर शून्यावर होता. सात दिवस म्हणजे एकशे अडुसष्ट तास. तिने बरोबर आणलेल्या तक्त्यात रोज न चुकता चोवीस वाढवलेले: चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर. मागची पानं उलटली तर जुन्या पंपाच्या काळातही तेच. वीज गेली तरी चोवीस, कागद बदलताना पंप बंद ठेवावा लागला तरी चोवीस.

तिला हे पान ओळखीचं होतं. गेल्या वर्षीच्या तपासणीत तिनेच त्याच्या खाली सही केली होती आणि शेरा मारला होता: नोंदी अत्यंत नीटनेटक्या.

कुणी मीटर वाचतच नव्हतं. मागच्या आकड्यात चोवीस मिळवायचे आणि खाली उतरायचं. परवा तिनेच, वर्षाच्या तपासणीआधी काढायचं म्हणून एक परिपत्रक काढलं होतं: यापुढे मीटर प्रत्यक्ष बघून लिहावा. ते काल कागदवाल्याच्या हातात पडलं असणार. आज त्याने पहिल्यांदा काचेत डोकावून पाहिलं.

एकशे अडुसष्टमधून एकशे पंचवीस पूर्णांक एक गेले. उरले बेचाळीस तास आणि वर सुमारे एक तास. तो एक तास रोज कागद बदलण्यातला. बाकी बेचाळीस. सात रात्री, प्रत्येक रात्रीचे सहा तास.

पेटीच्या तळाशी टायमर होता, एक गोल चकती आणि कडेने बारीक खिळे. खिळा वर ओढला की त्या वेळी पंप बंद. सगळे खिळे आत दाबलेले होते. पण चोवीसांपैकी सहांची डोकी चकचकीत होती, बाकीच्यांवर धूळ. ती सहा डोकी रात्री अकरा ते पहाटे पाचपर्यंतची.

धूर यायचा तेव्हा यंत्र झोपलेलं असायचं. मग अठरा तासांची धूळ चोवीस तासांच्या हवेने भागली जायची आणि आकडा स्वच्छ यायचा. छकुलीची शाळा अशा आकड्यावर उघडणार होती.

तिने घड्याळ पाहिलं. बरोबर दहा वाजले होते. तासमीटरवर होतं १२८.३.

सकाळी पंप थांबवून कागदवाल्याने मीटर वाचला तेव्हा १२५.१. म्हणजे त्यानंतर पंप तीन तास आणि बारा मिनिटं चालला होता. दहातून मागे मोजलं की सहा अठ्ठेचाळीस. मीटर सहा-सहा मिनिटांनी सरकतो, म्हणून इकडेतिकडे सहा मिनिटं सोडली. मग लवकरात लवकर सहा बेचाळीस.

मामांचा फोन सहा एक्केचाळीसचा.

नवा कागद लावून पंप सुरू झाला तेव्हा कागदवाला खाली मरून पडला होता. तो सुरू करणारा माणूस इथेच, ती उभी होती त्या जागी, उभा होता.

३

मामा शाळेच्या कचेरीत बाकावर बसले होते. समोरचा चहा त्यांनी तसाच ठेवला होता.

"ताई, मी काय पाहिलं ते तीनदा सांगितलं," ते म्हणाले. "झाडू घेऊन मागे गेलो. बघितलं तर तो असा. हाक मारली. मग पळत पुढे आलो, फोन लावला आणि गाडी येईपर्यंत फाटकाशी उभा राहिलो. परत मागे जायची छाती झाली नाही."

"हाक मारलीत तेव्हा यंत्राची घरघर चालू होती?"

"ती तर रोजचीच असते."

"रोजचं नको. आज."

मामा डोळे मिटून बसले.

"नव्हती," ते म्हणाले. "मी हाक मारली तर भिंतीवरनं माझाच आवाज परत आला. एरवी त्या घरघरीत येत नाही. पोलिसांबरोबर गेलो तेव्हा मात्र चालू होती." ते थांबले. "म्हणजे मी बोंबलत होतो तेव्हा वर कोण होतं, ताई?"

"शाळा उघडायला सात दिवस लागणार, हे तुम्हाला कधी कळलं?"

"नोटीस आली तेव्हा. तीन दिवस उलटून गेले होते त्या हुकमाला. मुख्याध्यापिका चिडल्या होत्या, आम्हालाच शेवटी कळवतात म्हणून."

खिळे पहिल्या रात्रीपासून ओढलेले होते. शाळेतल्या कुणाला पहिल्या रात्री काही माहीतच नव्हतं. हुकूम झाला त्या बैठकीत पालिकेचेच लोक होते: हवा विभागाचे प्रमुख, प्रयोगशाळेतली केमिस्ट, कागदवाला. आणि रस्त्यावर पाणी मारायला सांगितलं म्हणून टँकरवाला.

टँकरवाला फाटकाबाहेर गाडीच्या पायरीवर बसून होता. पोलिसांनी त्याला जाऊ दिलं नव्हतं.

"माझ्या पाण्यानं मेला म्हणतायत," तो म्हणाला. "मॅडम, माझा फवारा कमरेएवढा उडतो. गच्चीला पोचला असता तर मी आगीच्या बंबावर नसतो का? पगारही बरा मिळाला असता."

"त्याचं नि तुझं भांडण झालं होतं म्हणे."

"झालं होतं. तो म्हणाला, सगळं गाव सोडून माझ्या यंत्राभोवतीच का गरगर फिरतोस, हे म्हणजे थर्मामीटर बर्फात ठेवून ताप नाही म्हणण्यातलं काम. मी म्हटलं, मला हवा विभागाच्या साहेबांनी सांगितलं, त्यांना विचार. ह्यात कुणी कुणाला ढकलतं होय?" त्याने आवाज खाली आणला. "मी सव्वासहाला फेरी मारून गेलो. परत वळलो तेव्हा साडेसहा उलटून गेलेले. मागच्या फाटकाशी एक निळी स्कूटर होती. मागच्या चाकावर पिवळी पट्टी. ती कुणाची ते तुम्हाला मी सांगायला नको."

पालिकेत तशी स्कूटर एकच होती. ती केमिस्टची.

४

प्रयोगशाळेचा दरवाजा काचेचा होता. केमिस्ट आत तराजूसमोर उभी होती, हातमोजे घातलेले, पण तराजूवर काही नव्हतं. तिशीची, नीट विंचरलेली बाई. डोळे सुजलेले.

"सातवा कागद?" तपासनीसाने विचारलं.

"पोलिसांकडून आला, वाळवणीच्या पेटीत आहे. तीनला वजन करायचंय."

"करू नका. कुणी सांगितलं तरी करू नका." तिने दार लावून घेतलं. "त्याचा सकाळचा पहिला फोन तुम्हाला होता, पाच एकोणपन्नासला. फौजदारांना तुम्ही सांगितलंत, नवे कागद आले का असं विचारत होता."

"हो."

"आणि साडेसहाला तुमची स्कूटर शाळेमागे काय करत होती?"

केमिस्टने एक हातमोजा काढला. दुसरा काढता येईना. ती खुर्चीवर बसली.

"त्यानं मला बेचाळीस तासांचं विचारलं," ती म्हणाली. "ताई, मीटर कमी दाखवतोय, मी काय लिहू, असं. मी म्हटलं साहेबांना विचार. चार वर्षं रोज चोवीस पूर्णांक शून्य बघतेय मी. कुठलाही पंप असा चालत नाही, हे मला कळत नाही का? कळतं. पण एकदा बोलले असते तर मागचे सगळे आकडे खोटे ठरले असते, आणि प्रत्येकाखाली माझी सही."

"मग?"

"मग राहवेना म्हणून निघाले. पोचले तर तो खाली पडलेला. मी... मी तशीच मागे फिरले. मला वाटलं, माझ्यावरच येईल." ती खालच्या आवाजात म्हणाली, "वर कुणीतरी होतं. पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला. मी वर बघितलं नाही. मॅडम, मी वर बघितलं असतं तर आज..."

तिने दुसरा हातमोजा ओढून काढला.

तिच्यावर विश्वास ठेवायला काही आधार नव्हता. कागद लावता येणारी, टायमर ठाऊक असलेली, त्या वेळी त्या जागी असलेली ती एकटीच होती. पाच त्रेपन्नला कागदवाल्याने दुसरा फोन हवा विभागाच्या प्रमुखांना केला होता. पण ते म्हणत होते की तो रोजच्यासारखा ‘कागद बदलतोय’ एवढंच बोलला, आणि आपण आठ वाजता घरून निघून तिथे आलो.

"माझ्याबरोबर गच्चीवर चला," तपासनीस म्हणाली. "तो नवा कागद काढून द्या मला."

केमिस्टचा चेहरा उतरला, पण ती आली. शिडी चढताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं. तपासनीसही मागे वळून पाहत होती. आपण नक्की कुणाबरोबर चढतोय, हे दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

वर केमिस्टने पंप थांबवला, चौकट उघडली आणि तिचा हात तिथेच राहिला.

"हा उलटा आहे."

"म्हणजे?"

"आकडा कुठाय? प्रत्येक कागदावर कोपऱ्यात आकडा छापलेला असतो. तो वर यायला हवा." तिने चिमट्याने कागद उचलून पाहिला. आकडा खालच्या अंगाला होता. "बाजू दिसायला सारख्याच असतात. आकड्यावरूनच कळतं, कुठली वर."

"घाईत चूक होते माणसाची."

"ह्याची नाही होणार. तो हातात कागद घेतला की आधी आकडा वाचायचा, तक्त्यात उतरवायचा, मग लावायचा. मीही तसंच करते." ती विचारात पडली. "पूर्वीच्या कागदांवर आकडा खाली असायचा, असं ऐकलंय. ते दुसऱ्या कंपनीचे होते. पाच वर्षांपूर्वी बंद झाले. मी चार वर्षांपूर्वी आले, तो तीन. आम्ही दोघांनी ते कधी हाताळलेही नाहीत."

"मग कुणी हाताळलेत?"

केमिस्टने पालिकेच्या इमारतीकडे पाहिलं. धुरकट हवेत ती इमारत तिथून नीट दिसतही नव्हती.

५

हवा विभागाच्या प्रमुखांना सगळे हवासाहेब म्हणत, काही प्रेमाने, काही दुसऱ्याच अर्थाने. ते नोकरीला लागले ते तंत्रज्ञ म्हणून. वीस वर्षांपूर्वी याच गच्चीवर ते स्वतः कागद बदलत, हे ते भाषणात नेहमी सांगायचे.

तिने जाण्याआधी कोठारातून एक धुळकट पाकीट शोधून काढलं होतं. जुन्या कंपनीचे सहा कागद त्यात उरले होते. आकडा खालच्या अंगाला. केमिस्ट खरं बोलली होती. मग हवा विभागाच्या फायलीत तिला नदीपलीकडच्या भट्टीच्या शेडचा, ती बंद झाल्याचा दाखलाही सापडला होता.

तीन वाजून दहा मिनिटांनी ती रिकामी चौकट आणि नव्या कागदांचं पाकीट घेऊन त्यांच्या खोलीत गेली.

"या बाई, बसा," हवासाहेब म्हणाले. पन्नाशीचे, गोड आवाजाचे. "वाईट झालं. गुणी होता. त्याच्या आईला मीच फोन केला."

"साहेब, अहवालात कागद कसा बदलतात ते लिहायचंय. केमिस्टबाई रडतायत. तुम्ही एवढं लावून दाखवता का?"

"अहो, हे काय विचारणं झालं? हातचा मळ आहे." त्यांनी पाकिटातून कागद काढला. बोटं अजून सराईत होती. कागद न वाचता त्यांनी तो अलगद फिरवला, चौकटीत बसवला, चारी स्क्रू आवळले आणि चौकट तिच्यासमोर ठेवली.

पांढरा कागद. कोपऱ्यात काही नाही.

तिने चौकटीकडे पाहिलं. त्यांनी तिच्या पाहण्याकडे पाहिलं.

"हल्ली कसा लावतात?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"आकडा वर."

"असं होय. मला कुणी सांगितलं नाही." ते खुर्चीत मागे रेलले. "कागदाच्या बाजूवरून तुम्ही काय काय ठरवलंत, बाई?"

"नदीपलीकडची शेड. जुन्या बॅटऱ्या वितळवायची. ती बंद झाल्याचा दाखला तुमच्या सहीचा आहे. आकडे चढे राहिले असते तर कुणीतरी विचारलं असतं, मग धूर कुठला. तुम्ही तिथे जाऊन पाहिलं होतंत?"

"तुम्ही गेल्या वर्षी मीटर पाहिला होतात?"

तिला गेल्या वर्षीची आपली सही आठवली.

"तो पडला," हवासाहेब म्हणाले. "एवढंच धरा. मला बघून तो मागे सरकला. हातात वही होती, ती खिशात लपवत होता, आणि मागे कठडा नव्हता. मी ढकललं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही." त्यांनी फोन उचलला आणि अंगठ्याने काहीतरी शोधू लागले. "तुमची भाची त्याच शाळेत ना? दुसरीत. तीन आठवडे घरात कोंडलीय बिचारी. सगळ्या आईबापांना शाळा उघडायला हवीय, बाई. मी त्यांना हवं तेच देतोय."

"साहेब, फोन खाली ठेवा."

"जा तुम्ही. अहवाल लिहा. मी इथेच आहे."

ती उठली. दाराकडे पाठ करायची हिंमत होईना म्हणून ती मागे मागे सरकत बाहेर आली. मग जिन्यापर्यंत चालत, आणि जिन्यावरून धावत.

फौजदारांना सगळं फोनवर सांगितलं. आधी ते म्हणाले, "कागदाच्या बाजूवरून माणसाला आत घालू?" मग तिने तासमीटरचे आकडे सांगितले, मामांची साक्ष सांगितली. "येतो," ते म्हणाले.

ते पोचले तेव्हा तीन पन्नास झाले होते. खोलीत पंखा फिरत होता. खुर्ची रिकामी होती, आणि कुणी चौकटीचे स्क्रू सोडवून कागद घेऊन गेलं होतं.

६

चार वाजता, आधीच वेळ लावून ठेवलेला निरोप सातशे बारा पालकांच्या फोनवर गेला. सलग सातव्या दिवशी हवा स्वच्छ. शाळा उद्यापासून सुरू. खाली हवा विभागाच्या प्रमुखांचं नाव. सातव्या दिवसाचा आकडाही दिला होता, एका अपूर्णांकापर्यंत. सातवा कागद त्या वेळी वाळवणीच्या पेटीतच होता. त्याचं वजन झालेलंच नव्हतं.

तिने आधी बहिणीला फोन लावला.

"छकुलीला उद्या शाळेत पाठवू नकोस."

"अगं ताई, तीन आठवड्यांनी तुझ्या पालिकेनं एक बरी बातमी दिली आणि त्यातही तूच खोडा घालतेस? तिनं बूट पुसून ठेवलेत."

"पाठवू नकोस. बाकी भेटल्यावर सांगते."

"बरं बाई. बूट ठेवते परत कपाटात. तूच समजाव तिला."

मुख्याधिकारी बैठकीत होते. ते बाहेर आले, त्यांनी सगळे कागद वाचले, दोन प्रश्न विचारले आणि सहा वीसला स्थगितीवर सही केली. निरोप पाठवायची किल्ली, म्हणजे पासवर्ड, हवासाहेबांच्या संगणकातच होती, ती मिळवायला आणखी दीड तास गेला. दुसरा निरोप आठला निघाला: शाळा उघडणं स्थगित. यंत्राला सगळे खिळे आत दाबून नवा कागद लावला, आकडा वर. शिडीखाली एक शिपाई बसवला. हे सगळं तिने स्वतः उभं राहून करून घेतलं आणि मगच ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला केमिस्टने चौकट उघडली. गेल्या सात दिवसांचे कागद फिक्या राखेच्या रंगाचे होते. हा तव्याच्या बुडासारखा काळा होता. रात्रभर पंप एकदाही थांबला नव्हता आणि नदीपलीकडे कुणीतरी सगळं उरलंसुरलं एका रात्रीत वितळवून घेतलं होतं. केमिस्टने मीटर वाचला, मोठ्याने म्हणून दाखवला आणि तपासनीसाने तो स्वतः काचेत बघून लिहिला.

सव्वासातला फौजदारांचा फोन आला. हवासाहेबांची गाडी नदीच्या अलीकडे सापडली, दार उघडं. शेड रिकामी होती, भट्टी हाताला चटका बसेल इतकी तापलेली. ते स्वतः तिथे नव्हते. त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नव्हतं.

पावणेआठपासून ती शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. दुसरा निरोप न वाचलेले चोवीस पालक मुलांना घेऊन आले. तिने आणि मामांनी एकेकाला परत पाठवलं. एक बाप म्हणाला, "काल स्वच्छ होती, आज नाही. तुम्ही लोक खिशातून आकडे काढता काय?" तिने मान खाली घातली.

आठ चाळीसला बहिणीचा फोन आला. ती ओरडत नव्हती, म्हणून तपासनीसाला जास्त भीती वाटली.

"ताई, आम्ही दवाखान्यात आहोत. पहाटेपासून तिचा श्वास लागलाय. घरचा पंप दोनदा दिला."

"तिला बाहेर नेलंस?"

"नाही गं, घरातच होती." बहीण थांबली. "काल चारला तुमचा निरोप वाचला ना, हवा स्वच्छ म्हणून. तीन आठवड्यांनी रात्री सगळ्या खिडक्या उघडून झोपलो. तू शाळेत नको म्हणालीस. खिडक्यांचं काही म्हणाली नाहीस."

दवाखाना पायी बारा मिनिटांवर होता. ती सात मिनिटांत पोचली. छकुली उशीला टेकून बसली होती, तोंडावर मास्क, तर्जनीला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. मावशीला बघून तिने डोळ्यांनीच हसायचा प्रयत्न केला. बहिणीने खुर्ची सरकवली.

डॉक्टर म्हणाल्या की रक्त तपासायला दिलंय, शिशाची तपासणीही सांगितलीय, त्याला दोन दिवस लागतील. तोपर्यंत दर दहा मिनिटांनी बोटावरचा आकडा लिहून ठेवायचा, तो पंचाण्णवच्या वर हवा. परिचारिका वहीत लिहायला आली तेव्हा तपासनीसाने वाकून आधी स्वतः तो वाचला.

नऊ वाजून वीस मिनिटांनी तो एक्क्याण्णव होता.